हातातल्या स्क्रीनवर टोनी हॉक: कॉम्बो तुटतो कुठे आणि जोडायचा कसा

प्रश्न असा आहे: ‘शाळेत असताना सायबर कॅफेत टोनी हॉक्स प्रो स्केटर २ हा स्केटबोर्डिंगचा गेम खूप खेळलो होतो. आता स्विच लाइट या हातातल्या कन्सोलवर १+२, म्हणजे पहिले दोन भाग एकत्र, घेतलाय. कामावर जाता-येता लोकलमध्ये खेळतो. पंधरा-वीस हजार गुणांच्या पुढे एकही कॉम्बो, म्हणजे सलग जोडलेल्या ट्रिक्सची साखळी, जात नाही, दर वेळी शेवटी पडतो. इतक्या छोट्या स्क्रीनवर हा गेम नीट खेळता येतो का, की टीव्हीला जोडायचा कन्सोल घ्यायला हवा होता?’

नीट खेळता येतो आणि कन्सोल बदलायची गरज नाही. तुमच्या प्रश्नातलं ‘शेवटी पडतो’ हे मला महत्त्वाचं वाटलं. शेवटी पडता म्हणजे सुरुवात येते, मधलंही बरंच येतं. हात चुकतो तो एका ट्रिकमधून दुसरीत शिरताना. स्क्रीन मोठी केली तरी ती चूक तशीच राहील. मी वीसहून जास्त वर्षं हे गेम हातातल्या यंत्रांवर खेळतोय. नात्यातल्या आणि सोसायटीतल्या बऱ्याच मुलांना शेजारी बसवून शिकवलेत, आणि जवळपास प्रत्येकाचा कॉम्बो याच जागी तुटताना पाहिलाय. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी गुणांचा हिशेब डोक्यात पक्का करा, कारण तो कळला की बाकीचं आपोआप सुचतं. कॉम्बोमधल्या सगळ्या ट्रिक्सचे गुण एकत्र मिळवले जातात आणि त्या बेरजेला ट्रिक्सच्या संख्येने गुणलं जातं. समजा प्रत्येक ट्रिक ३०० गुणांची आहे. पाच ट्रिक्स सुट्या सुट्या केल्या तर १,५०० मिळाले. त्याच पाच एका दमात, जमिनीवर न ‘सुटता’ केल्या तर १,५०० गुणिले ५, म्हणजे ७,५००. दहा केल्या तर ३,००० गुणिले १०, म्हणजे ३०,०००. ट्रिक्स दुप्पट झाल्या, गुण चौपट झाले. तुमचे पंधरा-वीस हजार म्हणजे या हिशेबाने सात-आठ ट्रिक्स. तुम्ही आणखी चार जोडल्यात की आकडा पस्तीस हजारांच्या वर जातो, आणि त्यासाठी एकही नवी, अवघड ट्रिक शिकावी लागत नाही. हाताशी असलेल्याच जोडायच्या. एवढंच लक्षात ठेवा की एकाच धावेत, म्हणजे एका खेळीत, तीच ट्रिक परत परत केली तर तिचं मोल घटत जातं. म्हणून किकफ्लिप, हीलफ्लिप (पायाने बोर्ड हवेत फिरवणं) आणि दोन-तीन ग्रॅब्स (हवेत बोर्ड हाताने धरणं) आलटून-पालटून वापरा.

मग जोडायचं कशाने? या गेममध्ये जोडायचे दोन सांधे आहेत: मॅन्युअल आणि रिव्हर्ट. मॅन्युअल म्हणजे दोन चाकांवर तोल सांभाळत सपाट जमिनीवरून जाणं. रिव्हर्ट म्हणजे रॅम्पवरून खाली येताना बोर्ड झटक्यात अर्धा फिरवून उतरणं. हे दोन्ही पहिल्या गेममध्ये नव्हते. नेव्हरसॉफ्ट या स्टुडिओने १९९९ मध्ये पहिला भाग काढला तेव्हा जमिनीला चाकं लागली की कॉम्बो संपायचा. मॅन्युअल आला २००० च्या दुसऱ्या भागात आणि रिव्हर्ट २००१ च्या तिसऱ्या भागात. २०२० मध्ये पहिले दोन भाग नव्याने बांधले गेले, तेव्हा रिव्हर्टही त्यात घातला गेला.

तुमची अडचण मला इथेच दिसते. सायबर कॅफेत तुम्ही दुसरा भाग खेळलात. त्यात रिव्हर्ट नव्हताच, त्यामुळे रॅम्पवरून उतरलं की कॉम्बो संपला, ही सवय हाताला लागलेली आहे. उतरताना बोट कशावर दाबायचं हे हाताला माहीतच नाही. दुसरं म्हणजे तेव्हा कीबोर्ड होता. वरचा बाण एका बोटाने, खालचा दुसऱ्या बोटाने दाबत होतात. आता ते सगळं काम एकट्या डाव्या अंगठ्यावर आलंय. म्हणजे खेळ ओळखीचा, पण हात नवखा. मोठ्या टीव्हीवर कंट्रोलर घेऊन बसलात तरी हेच होईल.

आता तो अंगठा जवळून बघू. मॅन्युअलसाठी वर-खाली दाबायचं, नोज मॅन्युअलसाठी, म्हणजे पुढच्या दोन चाकांवर जायचं तर, खाली-वर. दोन्ही दाब लागोपाठ, आणि बोर्ड जमिनीला टेकायच्या किंचित आधी, हवेत असतानाच. बहुतेक लोक हे डाव्या स्टिकने करतात आणि तिथेच फसतात. स्टिक वरून खाली आणताना ती मधून जाते, आणि अंगठा जरा तिरका असला तर वाटेत डावं किंवा उजवंही नोंदलं जातं. वर-खाली असं गेमला पोचतच नाही. स्केटर साधा उतरतो, कॉम्बो बंद. म्हणून मी सांगतो की हा गेम डी-पॅडवर, म्हणजे दिशांच्या बटणावर, खेळा. स्विच लाइटवर एकसंध, अधिकच्या चिन्हाचा डी-पॅड आहे आणि या गेमसाठी ते तुमचं भाग्य आहे. साध्या स्विचच्या डाव्या जॉय-कॉनवर चार सुटी बटणं असतात, त्यांवर अंगठा उचलून ठेवावा लागतो. तिथेही जमतं, पण वेळ लागतो.

डी-पॅडवर अंगठ्याचं टोक टेकवून कधी वर, कधी खाली अशी धावपळ करू नका. अंगठ्याची गादी, म्हणजे नखामागचा मांसल भाग, बरोबर मधोमध टेकवून ठेवा. टोक वरच्या बाजूला, पहिलं पेर खालच्या बाजूला. मग अंगठा उचलायचा नाही, नुसता पुढे-मागे डोलवायचा, झोपाळ्यासारखा. पुढे झुकला की वर, मागे झुकला की खाली. गेम सुरू न करता, यंत्र बंद ठेवून ही हालचाल पन्नास वेळा करा. डी-पॅडचा टक-टक असा दुहेरी आवाज एकसारखा यायला लागला की समजा अंगठा तयार झाला. माझ्या भाचीला मी दोन दिवस फक्त एवढंच करायला लावलं होतं. ती कंटाळली, पण तिसऱ्या दिवशी मॅन्युअल एकदाही हुकला नाही.

रिव्हर्टसाठी झेडआर (ZR) हे बटण. लाइटवर हे बटण मागच्या बाजूला, अगदी लहान आहे. खेळताना उजवी तर्जनी सवयीने आर (R) या बटणावर जाते. ती झेडआरवर ठेवा, कायमची. हवेत गिरकी डी-पॅडच्या डाव्या-उजव्यानेही घेता येते, त्यामुळे आरवाचून फारसं अडत नाही. चाकं रॅम्पला लागतील त्या क्षणी झेडआर, आणि लगेच, श्वासही न घेता, वर-खाली. रिव्हर्ट आणि मॅन्युअल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मनात धरूच नका. झेडआर-वर-खाली हा एकच शब्द आहे. रिव्हर्ट करून थबकलात तर तो फुकट गेला, कारण रॅम्प संपून सपाटी लागते आणि हातात काहीच नसतं.

उतरण्याबद्दल आणखी एक गोष्ट. बोर्ड ज्या दिशेने जातोय त्याला आडवा ठेवून टेकलात तर पडणारच. गिरकी नेहमी अर्ध्याच्या पटीत पूर्ण करा: अर्धी, एक, दीड. घाईत पाऊण गिरकीवर जमीन आली की पडलात. नवखे खेळाडू उंच उडीत गिरकी आणि फ्लिप दोन्ही शेवटच्या क्षणापर्यंत ताणतात. तसं करू नका. उडी शिगेला पोचायच्या आत ट्रिक संपवा आणि खाली येताना अंगठा फक्त मॅन्युअलसाठी मोकळा ठेवा.

मग तोल. मॅन्युअलमध्ये काटा उभ्या पट्टीवर वर-खाली सरकतो, रेलवर, म्हणजे दांड्यावरून घसरत ग्राइंड करताना, तो आडव्या पट्टीवर डावी-उजवीकडे जातो. काटा एकीकडे कलला की उलट बाजूला दाबायचं, हे सगळ्यांना कळतं. पण दाबून ठेवायचं नाही, टिचकी मारायची. दाबून ठेवलं की काटा दुसऱ्या टोकाला धावतो, मग तुम्ही उलट दाबता, आणि दोन-तीन हेलकाव्यांत खेळ आटोपतो. अगदी छोट्या टिचक्या, आणि काटा मध्यावर असतानासुद्धा त्या चालू. काटा फार कलला तर त्याच्याशी झगडत बसू नका. बी दाबून उडी मारा, हवेत एक फ्लिप करा आणि परत मॅन्युअलमध्ये उतरा. कॉम्बो लांबला की तोल धरणं अवघड होत जातं, म्हणून मॅन्युअल म्हणजे दोन ट्रिक्समधला पूल, मुक्कामाची जागा नव्हे. एका मॅन्युअलमध्ये एक-दीड सेकंदापेक्षा जास्त राहूच नका.

आता मुख्य गोष्ट. छोट्या स्क्रीनची तक्रार करणारे लोक स्क्रीनवर बघून ठरवतात की पुढे काय करायचं. समोर रेल दिसली, अरे रेल आली, एक्स दाबा. तोवर रेल मागे गेलेली असते. चांगला खेळाडू बघून ठरवत नाही. त्याला पुढच्या सहा-सात ट्रिक्स पाठ असतात. तबला शिकणारा आधी तोंडाने बोल म्हणतो, हातावर टाळी देतो, मगच तबल्याला हात लावतो, तसंच हे आहे. वेअरहाउस या पहिल्या लेव्हलमध्ये एक लाइन, म्हणजे ट्रिक्सचा क्रम, ठरवा आणि ती मोठ्याने म्हणा: ‘उतार, ग्रॅब, रिव्हर्ट, मॅन्युअल, किकफ्लिप, मॅन्युअल, ग्राइंड, उडी, हीलफ्लिप, मॅन्युअल, उतर.’ खरंच मोठ्याने म्हणा. कुठे अडखळता ते जिभेवर कळतं. जिथे जीभ अडखळते तिथेच हातही अडखळतो. हे मी इतक्या मुलांच्या बाबतीत पाहिलंय की आता त्याबद्दल मला शंका राहिलेली नाही.

बोल पाठ झाले की फ्री स्केट उघडा. तिथे घड्याळ नसतं. लाइनचे तुकडे करा. आधी फक्त ‘ग्रॅब, रिव्हर्ट, मॅन्युअल’ एवढाच तुकडा, दहापैकी आठ वेळा जमेपर्यंत. मग ‘मॅन्युअल, किकफ्लिप, मॅन्युअल’. मग ‘मॅन्युअल, ग्राइंड’. तुकडे जमले की शेवटाकडून जोडत या: आधी शेवटचे दोन, मग त्याआधीचा लावून तीन. सुरुवातीपासून जोडत गेलात तर सुरुवात शंभर वेळा घोटली जाते आणि शेवट कच्चाच राहतो, म्हणजे पुन्हा तेच, ‘शेवटी पडतो’. लाइनचा शेवट सगळ्यात जास्त घोटलेला पाहिजे, कारण पडलात तर आधीचं सगळं शून्य होतं.

‘उतर’ हाही लाइनमधलाच एक बोल आहे, हे विसरू नका. मॅन्युअल सोडून चारही चाकं टेकली की गुण तुमचे. लोक अजून एक, अजून एक करत राहतात आणि तीस हजार घालवून बसतात. मी मुलांना सांगतो, ठरवलेली लाइन संपली की उतरायचं, कितीही छान चाललं असलं तरी. लाइन वाढवायची ती पुढच्या धावेत, घरून ठरवून.

ऑप्शन्समध्ये गेम मॉड्स म्हणून एक भाग आहे. त्यात मॅन्युअलचा आणि रेलचा तोल कधीच न ढळण्याची, आणि कधीच न पडण्याची सोय आहे. ही सोय लबाडी आहे असं मानणारे बरेच आहेत. मला तसं वाटत नाही, सरावाचं ते उत्तम साधन आहे. तोल ‘परफेक्ट’ करून लाइनचा रस्ता आणि बटणांचा क्रम बसवा, म्हणजे एका वेळी एकच गोष्ट शिकता. क्रम अंगात भिनला की ती सोय बंद करा आणि तोल शिका. न पडण्याची सोय मात्र सरावात लावू नका. त्यात उतरण्याची शिस्तच लागत नाही, आणि तुम्हाला नेमकी तीच हवी आहे.

रेलबद्दल थोडक्यात. एक्स दाबायचं ते रेलवर पोचल्यावर नाही, तिच्याकडे उडी घेतल्यावर आणि खाली येताना. रेलला समांतर किंवा हलक्या तिरक्या कोनात जा. रॅम्पच्या काठावर सरळ चढून एक्स दाबलंत तर ग्राइंड न होता स्केटर काठावरच थबकून उभा राहतो, त्याला लिप ट्रिक म्हणतात. ती वाईट नाही, पण लाइनचा वेग मोडते. काठावरून ग्राइंड हवा असेल तर रॅम्पवर तिरके चढा. आणि स्टॅट पॉइंट्स (स्केटरची क्षमता वाढवणारे) मिळतील तसे आधी रेल बॅलन्स, मॅन्युअल बॅलन्स आणि स्पीड यांत घाला. उंच उडीचा मोह नंतर पुरवता येईल.

तुम्ही लोकलमध्ये खेळता, त्याविषयी मनापासून सांगतो: उभ्याने सराव करू नका. गाडीच्या हिसक्याने अंगठा सरकतो आणि हात चुकीची गोष्ट शिकतो. बसायला जागा मिळाली तर बॅग मांडीवर घ्या, तिच्यावर दोन्ही मनगटं टेकवा आणि यंत्राचं वजन बॅगेवर जाऊ द्या. लाइट साधारण २७५ ग्रॅमचा आहे, जॉय-कॉन लावलेला साधा स्विच ३९८ ग्रॅमच्या आसपास. आकडे लहान वाटतात, पण पाऊण तास करंगळीवर पेलले की अंगठा ताठरतो, आणि ताठर अंगठ्याने टिचकी बसत नाही. लाइटवर डी-पॅड स्टिकच्या खाली असल्यामुळे डावं मनगट जरा आत वळतं. यंत्र डावीकडून बोटभर खाली झुकवून धरलं तर ते मनगट सरळ होतं. दुखायला लागलं की थांबा. मी एकदा थांबलो नाही आणि मग तीन आठवडे अंगठ्याला पट्टी बांधून होतो.

उभ्याने प्रवास असेल तेव्हा दुसरं काम करा: कानात इअरफोन घालून दोन धावा नुसत्या फिरायच्या, ट्रिक न करता, लेव्हल बघत. कुठून कुठे रेल जाते, कोणत्या रॅम्पनंतर सपाटी किती आहे, हे मनात बसवा. आवाज ऐका. लाकडावर चाकांचा आवाज वेगळा, काँक्रीटवर वेगळा, रेलवर तर अगदीच वेगळा. मोठ्या स्क्रीनवर डोळ्यांना जे मिळतं त्यातलं बरंच इथे कानांना मिळतं. धाव दोन मिनिटांची असते, ही या गेमची रचना हातातल्या यंत्राला फार सोयीची आहे. स्टेशन आलं तर वरचं बटण दाबून यंत्र झोपवा, उतरा, पुढच्या गाडीत तिथूनच सुरू करा. फक्त कॉम्बोच्या मधोमध झोपवू नका, जागं केल्यावर लय सापडत नाही.

घड्याळाची एक खुबी. दोन मिनिटं संपली तरी चालू असलेला कॉम्बो संपेपर्यंत धाव संपत नाही. म्हणजे शेवटची चार-पाच सेकंदं उरलेली असताना तुमची ठरलेली लाइन सुरू करा. शून्य आलं तरी खेळत राहा. माझे बहुतेक मोठे आकडे शून्याच्या पलीकडचे आहेत. तोवरच्या वेळात छोट्या छोट्या ट्रिक्स सुखरूप उतरवून स्पेशल पट्टी भरून ठेवायची. ती भरली की दोन दिशा आणि एक बटण अशा स्पेशल ट्रिक्स लागतात, त्यांचे गुण जास्त. पडलात की पट्टी रिकामी होते, म्हणून शेवटच्या अर्ध्या मिनिटात धाडस टाळा.

तुम्ही स्क्रीनचा प्रश्न विचारलात, म्हणून तेही स्पष्ट करतो. लाइटची स्क्रीन ५.५ इंचांची, साध्या स्विचची ६.२, स्विचच्या ओलेड मॉडेलची ७. फरक दिसतो, पण तो दूरची अक्षरं आणि लपलेल्या वस्तू शोधताना. लाइन पाठ असेल तर नाही. स्विचवर हा गेम सेकंदाला ३० चित्रं दाखवतो, इतर मोठ्या कन्सोलवर ६०. म्हणजे इथे एक चित्र ३३ मिलिसेकंद टिकतं, तिथे साधारण १७. मोठ्या कन्सोलवरून आलेल्याला पहिले दोन दिवस रिव्हर्ट उशिरा लागतोय असं वाटतं, मग हात जुळवून घेतो. उलट बाजूही आहे: टीव्ही स्वतःच चित्रावर काम करत बसतो आणि त्यात उशीर होतो, गेम मोड लावला नसेल तर बराच. हातातल्या स्क्रीनला तो उशीर नाही. टीव्हीवर जमत नव्हतं आणि हातात घेतल्यावर जमलं, असं म्हणणारे मला भेटलेत आणि त्यांचं म्हणणं खरं होतं.

छोट्या स्क्रीनचं मला भय वाटत नाही याचं कारण जुनं आहे. मामेभाऊ न्यू जर्सीहून सुट्टीला आला तेव्हा त्याने गेम बॉय अ‍ॅडव्हान्स आणला होता, आणि त्यात टोनी हॉक २ ची कार्ट्रिज. २००१ ची गोष्ट. ती स्क्रीन २४० बाय १६० ठिपक्यांची, आणि तिला स्वतःचा दिवाच नव्हता. आम्ही खिडकीपाशी, नाहीतर ट्यूबलाइटच्या बरोबर खाली, यंत्र विशिष्ट कोनात धरून खेळायचो. गेम तिरक्या कोनातून वरून दिसायचा, एखादं घर नकाशावर काढावं तसा. पार्श्वभूमी सपाट काढलेली आणि तिच्यावर फिरणारा छोटासा त्रिमितीय स्केटर. रेल किती उंचीवर आहे हे डोळ्यांनी कळणं कठीण, ते दहा वेळा आपटूनच कळायचं. तरी त्यात मॅन्युअल होता, कॉम्बो जुळायचे, सगळा गेम त्या खिशातल्या वस्तूत मावला होता. ती आवृत्ती व्हिकेरियस व्हिजन्स या न्यूयॉर्क राज्यातल्या स्टुडिओने केली होती. आणि तुम्ही आज खेळताय तो २०२० चा, २०२१ च्या जूनमध्ये स्विचवर आलेला गेमही त्यांचाच. हे मला समजलं तेव्हा फार बरं वाटलं. ज्यांनी हा खेळ इतक्या लहान स्क्रीनवर बसवून दाखवला, त्यांच्याच हाती तो वीस वर्षांनी परत आला.

लेव्हल्स फिरून बघा म्हणालो, त्यात फिलाडेल्फियाला जास्त वेळ द्या. तिथे कारंज्यातलं पाणी काढून टाकायचं एक काम आहे. ते कारंजं फिलाडेल्फियाच्या लव्ह पार्कचं. ग्रॅनाइटच्या पायऱ्या आणि कट्टे यांमुळे ती जागा स्केटर्सचं माहेरच झाली होती, पण शहराला ते नको होतं. २००२ मध्ये बंदी कडक झाली तेव्हा एडमंड बेकन, म्हणजे त्या शहराचे पूर्वीचे नियोजनकार, वयाच्या ९२ व्या वर्षी निषेध म्हणून स्वतः त्या चौकात स्केटबोर्डवर उभे राहून गेले. लोकांनी दोन्ही बाजूंनी त्यांना धरलं होतं. पुढे २०१६ पासूनच्या नूतनीकरणात तो जुना चौक गेला. आज तो चौक जसाच्या तसा चाकांखाली घ्यायचा असेल तर तो अशा गेममध्येच उरलाय. मी ती लेव्हल खेळताना गुणांचा विचार कमी करतो.

‘याच्या जोडीला दुसरं काय खेळू’ हे तुम्ही विचारलेलं नाही, पण उतरण्याची शिस्त लागावी म्हणून एक सुचवतो. ऑलीऑली. रोल७ या लंडनच्या स्टुडिओने २०१४ मध्ये तो प्लेस्टेशन व्हिटासाठी, म्हणजे मुळात हातातल्या यंत्रासाठीच बनवला. २०१५ मध्ये त्याला खेळ विभागातला बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. स्विचवर ऑलीऑली: स्विच स्टान्स या नावाने पहिले दोन्ही भाग एकत्र आहेत. तो बाजूने दिसतो, डावीकडून उजवीकडे. स्टिक दाबून सोडली की ट्रिक, आणि टेकताना बरोबर क्षणी बटण दाबलं तरच पूर्ण गुण. नाही दाबलं तर सगळी मेहनत चिल्लर होते. त्यात टोनी हॉकसारखं मोकळं फिरणं नाही, पण ‘उतरणं हीसुद्धा एक ट्रिक आहे’ हे तो आठवड्याभरात हातात मुरवतो. ऑलीऑलीला मात्र स्टिकच घ्या, डी-पॅड नाही. दोन्ही गेम एकाच दिवशी आलटून-पालटून खेळू नका, सुरुवातीला अंगठा गोंधळतो.

तर आता असं करा. पहिले तीन दिवस अंगठ्याचं डोलणं आणि झेडआर-वर-खाली, बाकी काही नाही. पुढचा आठवडा वेअरहाउसमधली एकच लाइन, तोल परफेक्ट ठेवून, शेवटाकडून जोडत. मग मॉड्स बंद करून तीच लाइन. पडाल तेव्हा लगेच रीस्टार्ट करू नका. कुठल्या दोन बोलांच्या मध्ये पडलात ते मोबाइलवर टिपून ठेवा, एका शब्दात: ‘रिव्हर्ट’, ‘रेलवरून’, ‘उतर’. पंधरा दिवसांनी ती यादी मला पाठवा. जो शब्द सगळ्यात जास्त वेळा आलेला असेल, त्यावर पुढचं बोलू.